वळणाच्या आतल्या अंगाला

"लोड लागला का रं?"

अजिनाथ दारात चपला काढायच्या आधीच आतून आवाज यायचा. वाळूजजवळच्या रांजणगावातल्या पत्र्याच्या छताच्या खोलीत मल्हारराव भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. मान वळवायची तर पाठीतून कळ निघायची, म्हणून तो लेकाच्या पावलांशीच बोलायचा.

"नाय आबा. आज पुण्याचा होता. दुसऱ्याला देऊन टाकला."

"बरं."

त्या 'बरं'नंतर अजिनाथच्या बायकोचा, ज्ञानेश्वरीचा, भाकरीवरचा हात थांबायचा, ती नवऱ्याकडं एकदा बघायची आणि पुन्हा थापायला लागायची.

मल्हाररावाचा आजार हाडांत उतरला होता. घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, आता घरी न्या, त्यांच्या मनासारखं करा. मनासारखं म्हणजे काय, ते विचारायची गरज नव्हती. सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला माणूस. थोरला अजिनाथ वाळूजच्या कारखान्यांचा माल ट्रेलरवर वाहायचा. धाकटा कडुबा कळप घेऊन कन्नडच्या अंगाला रानोमाळ हिंडायचा. म्हाताऱ्याचं मागणं एकच होतं.

"मला मेंढरांत न्या. वाघरीच्या आत टाका. मंग काय व्हायचं ते होऊ द्या."

वाघर म्हणजे रात्री कळपाभोवती उभी करायची सुताची जाळी. तिच्या आत त्याची दोन्ही पोरं जन्मली होती. लांडग्याच्या भीतीनं त्यानं तिच्यापाशी कितीतरी थंड्या जागून काढल्या होत्या. सिमेंटच्या भिंतीकडं तोंड करून मरायचं त्याला जमणार नव्हतं.

पण न्यायचं कसं? ॲम्ब्युलन्सनं घाटीतून रांजणगावला आणलं तेव्हा रस्त्यावरचा एकेक खड्डा त्याच्या मणक्यात उतरला. लांडग्यानं मांडी फाडली तेव्हा दातावर दात धरून बसलेला हा माणूस त्या दिवशी लेकरासारखा रडला. त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, त्याचं तोंड पदरात घेतलं, लोकांनी ऐकू नये म्हणून. घरी टेकल्यावर तो म्हणाला, "पुन्यांदा त्या डब्यात घालू नका मला. हितंच जाऊ द्या."

मग एकदा अजिनाथनं वेड्यासारखी गोष्ट केली. लादलेला ट्रेलर गल्लीच्या तोंडाशी उभा होता. शेजारपाजारच्या माणसांना हाका मारून त्यानं बापाला गोधडीसकट उचललं आणि सीटमागच्या बर्थवर सरकवलं. चढवताना म्हातारा पांढराफटक पडला. पण गाडी हलली, पंपापर्यंत गेली, डिझेल घेऊन परत आली, तोवर मल्हारराव झोपला होता. तोंड उघडं टाकून, चांगला घोरत. कस्तुराबाई त्याच्या उशाशी बसून ते घोरणं ऐकत राहिली. एरवी त्याच घोरण्यावरून ती त्याला टोमणे मारायची.

"अशी कशी रं ही गाडी?" ती हळू आवाजात म्हणाली. "पाळण्यावानी."

"लांब हाय ना, माय. पुढलं चाक कुठं, मागलं चाक कुठं. पुढलं खड्ड्यात गेलं तरी मधल्या माणसाला पत्ता लागत नाय. आखूड गाडी नुस्ती उड्या मारती."

ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागाला डायव्हर लोक घोडा म्हणतात. आधी अजिनाथकडं आखूड घोडा होता. फार हातातला. कसल्याही फाटकातून एका दमात वळायचा, गावच्या बोळात घाला तरी निघायचा. पण संध्याकाळी उतरताना कंबर धरून उतरावं लागे. दसऱ्याला शेठनं विचारलं, आखूडच ठेवतो का लांब घेतो? अजिनाथनं लांब घेतला. हायवेला तो रेघ मारल्यासारखा सरळ जातो, वाऱ्यानं डुलत नाही, ओझं अंगावर घेऊन गुपचूप चालतो, आणि पाय पसरायला मागं बर्थ. फक्त वळण आलं की त्याचं सगळं शहाणपण संपतं.

मल्हारराव हिंडता-फिरता होता तेव्हा एकदा ही गाडी बघायला आला होता. काठी टेकत पुढून मागपर्यंत गेला, मागून पुढपर्यंत आला.

"तोंड कन्नडला अन् ढुंगण हतनूरला," तो म्हणाला. "वळतं का हे?"

"वळतं की. जागा लागती जरा."

"वळताना मागलं काय करतं?"

"मागलं आतून कापतं, आबा. पुढली चाकं ज्या वाटंनं जात्यात, त्या वाटंनं मागली येत नायत. आतल्या अंगाला सरकत्यात."

म्हाताऱ्याच्या मिशीत हसू पसरलं.

"मंग मेंढरंच पाळली म्हण की तू. कळप वळवला की म्होरकी मेंढी बांधावरनं नीट जाती. शेपटाकडच्या कशाला जातील? त्या कोपरा कापून कुणाच्या तरी हरभऱ्यात. म्हणून मेंढक्यानं वळणाला म्होरं राहायचं नाय. आतल्या अंगाला, कोपऱ्यावर काठी घेऊन हुबं राहायचं. तुझ्या कोपऱ्यावर कोण राहतं?"

"क्लीनर उतरतो."

"त्याला म्हणावं, डुलक्या घेऊ नको."

आता तीच गाडी त्याला मेंढरांत नेणार होती. पण तिचंही एक होतं. रिकामा घोडा उड्या मारतो. पाठीवर ओझं असलं तरच तो पाळणा होतो. म्हणून लोड हवा होता, आणि तोही कन्नडच्या वाटेचा. कन्नडचा घाट जड गाड्यांना बंद झाल्यापासून तिकडचे लोड कमीच निघायचे. अजिनाथ रोज ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन बसायचा. पुण्याचा निघायचा, नगरचा निघायचा. आणि घरी म्हातारा रोज थोडा थोडा कमी व्हायचा.

होळी झाली आणि लोड लागला. पाण्याच्या योजनेचे लोखंडी पाइप, कन्नडच्या अलीकडच्या गोदामात टाकायचे.

अजिनाथनं दिवेलागणीला कडुबाला फोन लावला.

"कडू, उद्या सकाळी आबाला घेऊन निघतो. वाडा कुठं हाय? मेंढरं कुठं बसवलीत?"

"ओढ्यालाच की. सांडू पाटलाच्या रानात." मागं मेंढरं ओरडत होती. "दादा, आबा खातो का काय?"

"चहाचे दोन घोट."

 कडुबा म्हणाला, "ये. मी हाय. बॅटरी मराय लागली रं, सकाळी हॉटेलात चार्जिंगला..." आणि फोन गेला.

सकाळी बर्थवर काळं घोंगडं अंथरलं. माय आणि आबा दोघं बसायचे, म्हणून क्लीनरला अजिनाथनं सुट्टी दिली. ज्ञानेश्वरीनं सासऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मी येते हं आबा, मागच्या गाडीनं. लेकरांची शाळा सुटली की."

"ये," मल्हारराव म्हणाला. "येताना चपला घालून ये. तिकडं काटं लई."

करोडीच्या पुढं रस्ता मोकळा झाला. ऊन अजून कोवळं होतं. गाडी गुणगुणत चालली होती. कस्तुराबाई बर्थच्या कडेला बसली होती, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. मल्हाररावाला काचेतून फक्त आभाळ दिसत होतं.

"काय दिसतंय, अजा?"

"गव्हाची कापणी चाललीय. मक्याची खळी पडल्यात."

"पळस?"

"फुललाय. हतनूरच्या माळाला लई फुललाय."

"मंग वाडा ओढ्यालाच असंल. पळस फुलला की आपला वाडा ओढ्याला."  श्वास घशात अडकत अडकत यायचा. मग म्हणाला, "एवढ्या उंचावरनं मेंढरं कशी दिसत असतील रं?"

"पाठी दिसत्यात, आबा. नुस्त्या पाठी. रस्ताच लोकरीचा झाल्यावानी वाटतं."

"पाठी," म्हाताऱ्यानं शब्द तोंडात घोळवला. "मी जलमभर पायच बघितले. पाय अन् धुराळा." तो बायकोकडं बघायचा प्रयत्न करत म्हणाला, "मला जरा उठवून बसव गं तिथं गेल्यावर. पाठी बघू दे एकडाव."

"बसवते की. तुमचं वजन काय राहिलंय आता? एका हातानं बसवते."

"तवा दोन हातांनी बी हलत नव्हतो."

"तवा दारू पिऊन पडायचे तुमी," कस्तुराबाई म्हणाली. मल्हाररावाचं पोट हसण्यानं हललं आणि लगेच कळेनं आखडलं. तिनं हात छातीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

फाटा आला तेव्हा अजिनाथनं गाडी कडेला घेतली. डावीकडं गावचा डांबरी रस्ता, तोंडाशीच पाटाच्या पाण्यावर एक अरुंद मोरी. मोरीच्या आतल्या अंगाला सांडू पाटलाचा कांदा हिरवागार उभा होता. ओढा आत, बराच आत.

तो स्टेअरिंगवर हात ठेवून बसला. ही गाडी इथं वळवायची नसते हे त्याला दिसत होतं. आखूड घोडा असता तर एव्हाना तो वळून गेलाही असता. पण आखूड घोड्यात बाप इथवर आला नसता. गाडी हायवेला ठेवून बापाला उचलून न्यावं तर एवढ्या वाटेत किती वेळा खाली ठेवायचं, किती वेळा उचलायचं? खोलीतून बर्थवर घेताना म्हाताऱ्यानं ओठ चावून रक्त काढलं होतं. कडुबाचा फोन लागत नव्हता.

"काहून थांबला?" मागून आवाज आला.

"फाटा आलाय, आबा. जागा कमी हाय."

"म्होरला लांब जाऊ दे. पार पल्याडच्या कडंला. मागलं कोपरा कापतं." म्हाताऱ्याला तेवढं बोलून दम लागला. "घे आत. ओढ्यालाच हाय वाडा."

"मी उतरून हुबी राहू का कोपऱ्याला?" कस्तुराबाई म्हणाली.

तिच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. अजिनाथनं आरशातून ते बघितलं. "नको माय. तू हल नको."

त्यानं घोडा पार पलीकडच्या कडेला नेला, हायवेची उजवी कड जवळजवळ ओलांडून, आणि मग डावीकडं कापला. पुढची चाकं मोरीवरून अलगद गेली. घोडा गेला. डाव्या आरशात ट्रेलरचं लांब अंग हळूहळू वळत होतं, मागची चाकं कोपऱ्याकडं सरकत होती. अजून एक हात बाहेर राहिली असती तर निभावलं असतं. कोपऱ्यावर कुणी उभं नव्हतं. मोरीची कड ढासळली, रात्री पाणी दिलेल्या कांद्यात डावी चाकं उतरली आणि मऊ, काळ्या मातीनं त्यांना आसाच्या वर गिळलं. गाडी एका अंगाला कलून थांबली. घोडा गावच्या रस्त्यावर, शेपूट कांद्यात, आणि मधे सगळा रस्ता बंद.

मल्हाररावानं कळ दातांखाली दाबली. त्यानं फक्त विचारलं, "कुणाच्या रानात गेलं?"

"सांडू पाटलाच्या."

"शिव्या घालंल," तो म्हणाला.

सांडू पाटील विहिरीकडून धोतर सावरत आलाच. मागं त्याचा लेक शिवराज मोटारसायकलवर.

"डोळे फुटले का रं तुझे? हा रस्ता हाय का तुझ्या ह्या आगगाडीचा? उभा कांदा मातीत घातला..." बोलत बोलत तो केबिनच्या पायरीवर चढला आणि आत डोकावला. त्याला कस्तुराबाई दिसली. मग तिच्या मांडीवरचं डोकं दिसलं. त्याचा हात दारावर तसाच राहिला.

"मल्हारी?"

"पाटील," मल्हारराव म्हणाला. "मेंढरू शिरलं कांद्यात."

सांडू पाटलाच्या बापाच्या काळापासून मल्हाररावाचा कळप त्या रानात बसायचा. लेंडीखतावर ते रान पोसलं होतं. पाटील डोळे बारीक करून बघत राहिला, आणि मग उगाच रागानं म्हणाला, "शिरू दे. कांद्याला तरी कोण इचारतंय यंदा."

खाली उतरल्यावर अजिनाथनं त्याला बाजूला घेतलं. "काका, वेळ लई कमी हाय. कुणाला तरी ओढ्याला धाडून कडूला सांगा, मेंढरं हिकडंच घेऊन ये म्हणावं."

"ओढ्याला?" शिवराज मोटारसायकलवरूनच म्हणाला. "ओढ्याला कुठंय तो? पहाटंच वाडा उठवला त्यानं. हायवेच्या कडंला हाय, त्या चढाच्या पलीकडं, पाण्याच्या टाकीच्या मोकळ्या मैदानात. मी विचारलं का रं बाबा, चांगलं बसलेलं रान सोडतो? तर म्हणला, दादाची गाडी फाट्यात वळायची नाय. रस्त्याला लागून वाघर मारतो म्हणला, म्हंजे आबाला उतरवायला बी नको, गाडीतनंच दिसंल."

अजिनाथनं हायवेकडं बघितलं. फाट्याच्या पुढं एक चढ होता. साधा चढ. गाडीनं तो श्वासही न फुलता चढला असता, आणि पलीकडं मैदान, आणि मैदानात सगळी मेंढरं, काचेच्या खाली, पाठी वर करून.

धाकट्यानं रात्रभर गाडीचा विचार केला होता. थोरल्यानं रात्रभर मेंढरांचा.

"जा शिवा," सांडू पाटील म्हणाला. "कडुबाला मागं बसवून आण."

मोटारसायकल गेली. अजिनाथ केबिनमध्ये चढला. त्यानं बापाला काही सांगितलं नाही. फक्त म्हणाला, "येतोय कडू. मेंढरं घेऊन."

"आवाज नाय आला अजून."

"यील."

मल्हाररावाचे डोळे मिटले होते, पण कान जागे होते. कस्तुराबाईनं ते ओळखलं. लग्न होऊन आली तेव्हापासून संध्याकाळी कळप परतायच्या वेळेला ती वाघरीच्या तोंडाशी उभी राहून गायची, कोकरांना आया सापडाव्यात म्हणून. आता सकाळच होती. तरी तिनं गळा साफ केला आणि हलक्या आवाजात धरलं,

"दिस मावळाया गेला, मेंढ्या येतील वाड्याला
कोकराची माय कुठं, साद घालते ओढ्याला."

म्हाताऱ्याच्या कपाळावरची आठी सैल झाली. तिनं दुसरी घेतली,

"लांब गं लांब वाट, वाटंला नाही झाड
माझ्या मेंढक्या रायाच्या, खांद्यावर घोंगडं जाड."

"जाड नव्हतं," मल्हारराव पुटपुटला. "फाटकं होतं."

"गाण्यात जाडच असतं," ती म्हणाली.

मोटारसायकल परत आली. मागच्या सीटवर कडुबा नव्हता. शिवराजच्या शर्टात एक कोकरू होतं, नुकतं पायांवर उभं राहिलेलं, काळ्या तोंडाचं.

"तो आला नाय," शिवराज खालून म्हणाला. त्याला ते सांगताना अपराध्यासारखं होत होतं. "म्हणला, मेंढरं हायवेला सोडून कसा येऊ? आबा जोड्यानं मारंल. हे पुढं ने म्हणला, मी समदी घेऊन येतो. रानातनं येतोय, सपासप. मी लई म्हणलं, आधी तू चल."

अजिनाथनं कोकरू घेतलं. त्याला कडुबाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. कडुबाच्या जागी तो स्वतः असता, तरी त्यानं हेच केलं असतं; बापानं दोघांना तेच शिकवलं होतं.

कोकरू मल्हाररावाच्या छातीवर ठेवलं. त्याचा हात आधी हललाच नाही. मग बोटं लोकरीत शिरली. पाठीवरून मानेवर, मानेवरून कानावर गेली. कानाच्या टोकाशी कडुबानं दिलेली खूण होती, ती त्यानं अंगठ्यानं चाचपली.

"ढवळीचं का?"

कस्तुराबाईला माहीत नव्हतं. "व्हय. ढवळीचंच."

"आई कुठंय ह्याची?"

"येतीय मागनं."

कोकरू ओरडलं. बारीक, कापरा आवाज केबिनभर झाला.

"मंग थांबू जरा," मल्हारराव म्हणाला. "आई येऊ दे त्याची."

तो थांबला. खरंच थांबला. एकेक श्वास आत घ्यायचा आणि सोडायच्या आधी कान द्यायचा. कस्तुराबाईनं त्याला उठवून बसवलं, एका हातानं, आणि पाठीला स्वतःची छाती दिली. समोर काच, काचेबाहेर रिकामा रस्ता, लिंबाचं झाड, तिथून ओढ्याकडं वळणारी वाट. अजिनाथनं काच खाली केली, आवाज लवकर आत यावा म्हणून. रानातून वारा आला. कांद्याच्या ओल्या पातीचा वास आला.

मग कोकरावरचा हात जड झाला. कोकरानं आधी अंग काढून बघितलं, मग त्या हाताखालीच पाय मुडपून बसलं.

कस्तुराबाई हलली नाही. तशीच बसून ती म्हणाली, "अजा, काच राहू दे उघडी."

मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या तेव्हा फाट्यावर गावची एसटी येऊन थांबली होती. माणसं उतरून लिंबाच्या सावलीला उभी होती. हॉर्न कुणी वाजवला नाही, पाटलानं ड्रायव्हरला सगळं सांगितलं होतं. हायवेच्या अलीकडच्या पडीक रानातून धुरळा उठला, धुरळ्यातून मेंढरं निघाली, आणि मागं कडुबा, घामानं भिजलेला, वाघर लादलेलं तट्टू ओढत. त्यानं केबिनकडं बघितलं. काचेआड बाप बसलेला दिसला. त्यानं काठी वर केली, ओळख द्यावी तशी, आणि हसला.

अजिनाथ खाली उतरला. मान खाली घालून तो कडुबाकडं गेला. कडुबाची वर केलेली काठी हळूहळू आपोआप खाली आली.

मेंढरं ट्रेलरच्या दोन्ही अंगांनी पसरली. एक मेंढी दाराच्या पायरीशी येऊन ओरडायला लागली. वरून कोकरानं ओ दिली. कस्तुराबाईनं त्या हाताखालून कोकरू सोडवलं आणि खाली दिलं. ते आईच्या पोटाखाली शिरलं आणि ढुसण्या देत प्यायला लागलं. दोघे भाऊ ते बघत उभे राहिले, एकमेकांकडं न बघता.

"मी शिवाच्या मागं बसून यायला पायजे होतं," कडुबा म्हणाला.

"मी चढ चढायला पायजे होता," अजिनाथ म्हणाला.

पाटलाच्या गोठ्यावरून बाज आली. तिच्यावर तेच काळं घोंगडं घातलं, उशाशी बर्थवरची मल्हाररावाची काठी ठेवली. बापाला उतरवताना दोघांनी फार जपून धरलं, अजून दुखेल या भीतीनं. ओढ्याला न्यायचं ठरलं. लेंड्यांचा थर तिथं अजून ऊबदार असेल, वाघर पुन्हा तिथंच उभी करू, असं कडुबा म्हणाला.

बाजेचा एक खूर अजिनाथनं धरला तेव्हा पाटलाचा ट्रॅक्टर येऊन मागं लागला होता. साखळी बांधून झाली होती. एसटीतली एक बाई तान्ह्या लेकरावर पदर धरून उन्हात उभी होती. कुणी घाई करत नव्हतं. पण ही गाडी निघाल्याशिवाय तो रस्ता कुणाचाच नव्हता, आणि घोड्याचं स्टेअरिंग धरून, आरशात बघत, मागच्या चाकांना हळूहळू वर आणणं तिथल्या दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

"दादा, तू गाडी काढ," कडुबा म्हणाला. "आम्ही घेतो आबाला. तू ये मागनं."

शिवराजनं खूर हातात घेतला. अजिनाथनं तो सोडायला जरा वेळ लावला.

तो केबिनमध्ये चढला, इंजिन चालू केलं. पाय क्लचवर ठेवून तो पाटलाच्या इशाऱ्याची वाट बघत बसला. समोर बाज निघाली. मेंढरांना कुणी हाकललं नाही, तरी ती बाजेमागं निघाली. वाट लिंबाजवळ ओढ्याकडं वळत होती आणि वळणाच्या आतल्या अंगाला पाटलाचा दुसरा कांदा उभा होता. म्होरकी मेंढी बाजेच्या मागं नीट वळली. शेपटाकडच्या आत सरकायला लागल्या. कडुबाच्या खांद्यावर बाज होती.

कस्तुराबाई थांबली. बाजेवरची मल्हाररावाची काठी तिनं उचलली, मागं वळून चालत आली आणि कोपऱ्यावर उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला. काठी आडवी धरलेली. तोंडानं ती हुर्र हुर्र करत होती. तिला ओलांडून एकही मेंढरू कांद्यात गेलं नाही.

उंचावरून अजिनाथला नुस्त्या पाठी दिसत होत्या. मळकट, पांढऱ्या, काळ्या, एकीला एक लागून, वळणावर हळूहळू वाकत जाणाऱ्या. मागून पाटलानं हात केला. अजिनाथनं गाडी गिअरात टाकली, पण क्लच लगेच सोडला नाही. शेवटची मेंढी मायच्या समोरून जाईपर्यंत तो बघत राहिला.